नळी क्रमांक ४१

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

घरात तनुजाचं नाव काढलं की श्रीरंग पेपर तोंडासमोर धरतात आणि मागून म्हणतात, "झालं का पुन्हा सुरू?" म्हणून आजपासून ही वही. नवऱ्यापेक्षा वही बरी, निदान जांभया तरी देत नाही.

तर तनुजा. तनुजा वाकळे, वय सत्तावीस, गाव गंगापूर तालुक्यातलं. सप्टेंबरात आमच्या प्रयोगशाळेत आली. हैदराबादला दोन वर्षं मास स्पेक शिकून आलीय. मास स्पेक म्हणजे रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करून त्यांची वजनं घेणारं यंत्र. यंत्राला दीड कोटी लागले आणि यंत्राला तनुजा लागते, त्यामुळं दोघांचा भाव एकदमच वधारलाय.

आमचं काम शेंगदाण्याचं. काही पोरांना दाणा बाधतो. नुसतं पित्त उठणं नाही, घसा सुजून श्वास कोंडतो. खरंच बाधतो की नाही हे खात्रीनं कळायचा आज एकच मार्ग आहे : डॉक्टरसमोर बसवून थोडाथोडा दाणा चारायचा आणि सुई भरून तयार ठेवायची. रक्तातल्या प्रथिनांत अशी एखादी खूण सापडली की न चारताच कळेल, तर किती आयांचा जीव भांड्यात पडेल. ती खूण आम्ही शोधतोय. "आम्ही" म्हणजे आता तनुजा.

रक्त मात्र मी गोळा केलंय. सहा वर्षांत एकशे बारा पोरं. कन्नड, वैजापूर, पैठण, कुठंकुठं एसटीनं जाऊन, आयांना समजावून, सह्या घेऊन. नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, नळीवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा हे एकाच रजिस्टरमध्ये लिहिलंय आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

आज वैजनाथ सर, आमचे प्रमुख, दारात आले. पूर्वी दारातूनच "कालिंदीताई, जरा बघा हो" म्हणायचे. आज मी समोर उभी असताना माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "तनुजा, जरा बघ गं." कानामागून आली आणि तिखट झाली, ते हिच्यासाठीच कुणीतरी म्हणून ठेवलंय.

१४ फेब्रुवारी, बुधवार

स्वरदा शाळा सुटली की रिक्षानं माझ्याकडं येते आणि साडेपाचपर्यंत बसते. पूर्वी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करायची. हल्ली दप्तर माझ्याकडं आणि पोरगी तनुजाच्या खोलीत.

आज बघायला गेले तर तनुजा तिला स्क्रीनवरचे ठिपके दाखवत होती. "ह्यो लाल ठिपका म्हंजी एक पोर. दाणा बाधणारं. ह्यो निळा, त्याला काय होत नाय. ह्ये हिरवे नऊ, त्यांना आधी बाधायचं, आता बाधत नाय. सारखी सारखी पोरं जवळ जवळ येऊन बसत्यात बघ." बारा वर्षांच्या पोरीला हे सगळं मी कधी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? आजार आहे तो, खेळ नाही.

स्वरदा म्हणाली, "तनुताई, हिरवं व्हायला काय करावं लागतं?"

मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." पाच वाजत होते. घरी पाण्याची पाळी होती म्हणा, आठ दिवसांनी नळ येतो, हौद भरायचा असतो. पण पाणी सातला येतं.

८ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र

दरवर्षी आजच्या उपासाला तोच प्रसंग आठवतो. स्वरदा चार वर्षांची. चतुर्थीला शेजारणीनं प्रेमानं दोन चमचे साबुदाण्याची खिचडी चारली, खिचडीत दाण्याचा कूट. दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज गेला. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा अडकलेली आणि माझ्या मांडीवर ती निळी पडत चाललेली. तेव्हापासून आमच्या घरात दाणा नाही. कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून मी या कामात आले ती त्यामुळंच. हे मी सगळ्यांना सांगते, तनुजालाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या एकशे बारांत स्वरदाचंही रक्त आहे, पण तिचा नंबर फक्त मला माहीत.

आज सुट्टी असूनही यंत्र चालू होतं म्हणून तनुजा आली होती आणि स्वरदानं हट्ट केला म्हणून आम्हीही. तनुजाला उपास. डबा उघडला तर उकडलेली रताळी आणि ताक. मी म्हटलं, "एवढंच? भगर, दाण्याची आमटी नाही आणलीस?"

"नाय आणली मॅडम. स्वरदा सोबत जेवती ना. तिनं लांब बसायचं अन् म्या आमटी वरपायची, बरं वाटत नाय."

आता यात राग येण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. तरी आला. आठ वर्षं मी पोरीचे डबे करतेय, वाढदिवसांना तिच्या शेजारी पहारा देत उभी राहतेय, आणि हिनं एक दिवस रताळी खाल्ली तर स्वरदानं तिच्या गळ्यात हात टाकला. माझ्या गळ्यात शेवटचा कधी टाकला होता ते आठवत बसले.

२१ मार्च, गुरुवार

आज निकाल आला. नीट लिहायला हवं.

तनुजानं पडद्यावर एकशे बारा ठिपके लावले. खरंच सुरेख वेगळे झालेत, लाल एकीकडं, निळे एकीकडं. सर उठून उभेच राहिले. एप्रिलमध्ये बंगळुरूच्या परिषदेत हे तनुजानं मांडावं असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि रक्त गोळा करण्याचं श्रेय अर्थात कालिंदीताईंना." अर्थात.

मग तनुजा म्हणाली, "सर, एक पोर चुकीच्या जागी बसलंय. नंबर एक्केचाळीस. आपल्या कागदावर ते लाल हाय, पण बसलंय हिरव्यांत. बरं झालेल्यांत."

पडद्यावर त्या पोराची माहिती आली, नाव सोडून असते तेवढी : मुलगी, वय १२, पहिला त्रास चौथ्या वर्षी, साबुदाण्याची खिचडी.

मी रजिस्टर आणायचं म्हणून उठले. उघडायची गरज नव्हती, तरी कपाटापाशी जाऊन उघडलं. ४१, स्वरदा.

परत आले आणि म्हणाले, "नळी बदललेली दिसतेय. यंत्रात लावताना."

सर म्हणाले, "तनुजा?"

"नाय सर. म्या दोनदा जुळवून बघते."

"सहा वर्षांत फ्रीझरमधून एक नळी इकडची तिकडं झाली नाही," मी म्हटलं. "आता होतेय." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून निघालं तेव्हा काय सांगू, गार वाटलं.

नळी बदलू शकते की. माणूस आहे, चुकतं. मी काही अगदीच खोटं बोलले असं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

तिनं कबूल केलं. सकाळी सरांच्या खोलीत गेली, दहा मिनिटांनी बाहेर आली आणि सरळ आपल्या कामाला लागली. सर मला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. तिची चूक झाली म्हणते. बंगळुरूचं राहू द्या आता. आधी घर आवरू, मग पाहुणे बोलावू."

म्हणजे नळी खरंच बदलली होती. बघा. मी उगाच रात्रभर तळमळले.

साळूबाई संध्याकाळी पोळ्या करताना म्हणाली, "ताई, आज लई खुशीत दिसता." मी म्हटलं, काही नाही, कामाचा ताण कमी झाला.

४ एप्रिल, गुरुवार

तनुजानं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. दोन आठवडे, रविवारीसुद्धा. वीज गेली तर जनरेटरपाशी उभी राहायची. डोळे खोल गेलेत तिचे.

आज मला कोपऱ्यात गाठून हळूच म्हणाली, "मॅडम, एक्केचाळीस परत तिथंच बसलं. हिरव्यांतच." मी रॅकमधल्या नळ्या मोजायला लागले. ती म्हणाली, "म्या सरांना नाय सांगितलं. पण मला वाटतं ते पोर बरं झालंय. पक्कं सांगता येत नाय, डाक्टरनं दाणा चारून बघितल्याशिवाय नाय. पण त्याच्या आईला सांगाया पाहिजे, व्हय ना?"

"बघते," मी म्हटलं.

"लवकर बघा. पोर उगं बांधून पडलंय."

उगं. ही कोण सांगणार उगं की कसं? माझ्या मांडीवर निळी पडलेली पोरगी हिनं पाहिलीय? सत्तावीस वर्षांची, लग्न नाही, मूल नाही, आणि आईला काय सांगावं हे हिनं मला शिकवायचं.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

स्वरदाच्या वर्गातल्या मुली सुट्टीत म्हैसमाळला दोन दिवस राहायला चालल्यात. तिथं बाहेरचं जेवण. मी नाही म्हटलं. दरवेळी रडते, आज रडलीसुद्धा नाही. "मला माहीतच होतं," म्हणाली आणि गाठीची माळ गळ्यातून काढून ठेवली.

श्रीरंग म्हणाले, "एकदा पुन्हा तपासून तरी बघू या का गं तिला? आठ वर्षं झाली."

मी म्हटलं, "तुम्ही नव्हता रिक्षात." हे म्हटलं की ते गप्प होतात. खरंच नव्हते, बँकेत होते.

१६ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. दूध का दूध, पानी का पानी.

स्वरदाचं ताजं रक्त काढलं. हात माझा सराईत आहे, तिला दुखलंही नाही. नळीवर ११३ लिहिलं आणि तनुजाला दिली. "नवीन पोर आहे, वैजापूरचं. दाणा बाधतो."

आता ही जाऊन लालमध्ये बसेल. मग म्हणावं, बघ, तुझं एक्केचाळीस चुकलंच होतं. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी काय मागतेय. माझी पोरगी अजून आजारी निघावी असं मागतेय. तसं नाही ते. मला फक्त खात्री हवीय.

२५ एप्रिल, गुरुवार

तनुजानं दार लोटून घेतलं.

"मॅडम, ह्ये एकशे तेरा अन् एक्केचाळीस एकच पोर हाय."

"कशावरून?"

"काही प्रथिनांची घडण माणसागणिक येगळी असती. अंगठ्याच्या ठशावानी. दोन्हींत जशीच्या तशी हाय." ती माझ्याकडं बघत नव्हती, कागदाकडं बघत होती. "अन् अजून एक. उपचार म्हणून पोरांना रोज चिमूटभर दाणा देत वाढवत नेत्यात ना, त्यांच्या रक्तात दिसतं तसं दिसतंय. ह्या पोराच्या पोटात वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा दाणा जातोय."

"शक्यच नाही. आमच्या, म्हणजे त्यांच्या घरात दाण्याचं टरफलसुद्धा येत नाही."

"तेल कोणतं वापरत्यात?"

"करडईचं. लाकडी घाण्याचं. मुद्दाम."

"घाणा कुठला, तेवढं इचारता का त्यांना," ती म्हणाली आणि गेली.

"आमच्या" असं तोंडातून निघालं ते तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. नशीब.

२८ एप्रिल, रविवार

तेल आमच्याकडं साळूबाई आणते, तिच्या माहेराहून, बिडकीनहून. पुंजाराम म्हणून तिचा चुलतभाऊ आहे, त्याचा घाणा. आज तिला घेऊन गेले. पैठण रोड नुसता खणून ठेवलाय, कुठं पाण्याची पाइपलाइन, कुठं रस्तारुंदी. पूर्वी साळूबाईच्या भावकीचं शेत होतं तिथं आता तारेचं कुंपण आणि निळी पत्र्याची शेड. "आमची जवारी व्हायची इथं," ती दरवेळी म्हणते, आजही म्हणाली.

पुंजारामनं चहा मागवला. मी सरळ विचारलं, घाण्यात करडईशिवाय काय काढता?

"शेंगदाणा. सकाळच्याला शेंगदाणा, दुपारच्याला करडई."

"एकाच घाण्यात?"

"आधी दोन व्हते ताई. पंधरा सालच्या दुष्काळात एक इकला. करडईच येईना कुठून, दोन घाणे ठेवून काय करता? तवापासून एकावरच दोन्ही."

"मधे धुता?"

तो हसला. "लाकडाचा घाणा धुवत नसत्यात, फुगतोय. पेंड खरवडायची अन् फडक्यानं पुसायचं. पाणी प्यायाला टँकरचं, घाण्याला कुठलं?"

पंधरा साली घाणा विकला. सोळा साली स्वरदाला त्रास झाला आणि त्याच महिन्यात मी बाजारचं तेल बंद करून हे सुरू केलं, शुद्ध म्हणून. पहिल्या दीड वर्षात तिच्या अंगावर अधूनमधून पित्त उठायचं. कारण सापडायचं नाही, मी शेजारणीशी बोलणं टाकलं, नणंदेशी भांडले, की तुम्हीच काहीतरी चारलं असणार. आणि मी स्वतः रोज दोन वेळा फोडणीला घालत होते.

साळूबाई येताना विचारत होती, "ताई, काय वंगाळ झालं का?" वंगाळ झालं की चांगलं झालं?

३० एप्रिल, मंगळवार

घरातल्या डब्यातलं तेल एका बाटलीत घालून तनुजाला दिलं. "त्या मुलीच्या घरचं." तिनं कुठून आणलं, कसं आणलं, काही विचारलं नाही. संध्याकाळी कागद आणून दिला. करडईच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं. अगदी किंचित, पण आहेत.

मी हिशेब लावत बसले. दाण्यापासून जपलं मी. पण पोरगी बरी झाली असेल तर जपण्यानं नाही, चुकीनं. एका दुष्काळानं आणि न धुतलेल्या घाण्यानं. आणि हे शोधलं तनुजानं. मग आठ वर्षं मी केलं काय? आज मला पुंजारामच्या घाण्याचासुद्धा हेवा वाटला. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

आणि ती प्रत्येक वेळी "ते पोर", "ते पोर" म्हणते. एकदाही "कोण" विचारत नाही. आज पहिल्यांदा मनात आलं की का विचारत नाही.

३ मे, शुक्रवार

सरांकडं गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ४१ स्वरदा आहे. ११३ सुद्धा. नळी बदलली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी तनुजावर ढकललं.

सरांनी फायलीतून एक कागद काढला. २२ मार्चचा, तनुजाच्या अक्षरातला. नळ्या लावताना माझ्याकडून क्रमांक ४१ ची अदलाबदल झाली असावी, पुन्हा तपासणी करून देते, जबाबदारी माझी. खाली सही.

"न केलेली चूक तिनं लिहून का दिली?" सरांनी विचारलं.

मी सांगू शकले असते. पडद्यावर माहिती आली होती, मुलगी, बारा वर्षं, चौथ्या वर्षी खिचडी. ती गोष्ट मीच तिला सांगितलेली. मी कपाटाकडं उठले तेव्हाच तिला कळलं होतं. महिना सव्वा महिना ती माझ्या तोंडावर "त्याच्या आईला सांगा" म्हणत होती आणि मी "बघते" म्हणत होते.

सर म्हणाले, "बंगळुरूला दुसरं कुणी बोलून आलं. ते काही परत येत नाही. रजिस्टर आजपासून माझ्या कपाटात राहील." किल्ली मी टेबलावर ठेवली. सहा वर्षांत पर्समधल्या त्या कप्प्याला तिच्या आकाराचा खड्डा पडलाय.

बाहेर आले आणि मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याआधी संताप आला. जन्मात एकदा धीर करून चूक कबूल करायला गेले, तर तीही हिनं आधीच उचलून आपल्या नावावर लावलेली. माझी म्हणून एक गोष्ट ही पोरगी ठेवणार नाही का?

४ मे, शनिवार

स्वरदाला आणि श्रीरंगना सगळं सांगितलं, तेलासकट, खोट्यासकट. श्रीरंगनी या वेळी पेपर तोंडासमोर धरला नाही.

स्वरदानं एकच विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"एकवीस मार्चला."

"म्हैसमाळच्या आधी," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

१५ मे, बुधवार

परवा मतदान होतं म्हणून स्वरदाला दाणा चारून बघायची तारीख आजची मिळाली. अॅलर्जीच्या डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं होतं : एका मुलीच्या रक्तावरून आणि एका तेलाच्या बाटलीवरून काही सिद्ध होत नाही, खरं काय ते चारल्यावरच कळेल. हॉस्पिटलच्या खोलीत पलंग, ऑक्सिजन, भरलेली सुई. टेबलावर सात वाट्या, दाण्याची पूड मोजून, पहिलीत दिसेल न दिसेल इतकी, शेवटच्या वाटीत आठ दाण्यांची. दर वीस मिनिटांनी एक.

स्वरदानं तनुजाला बोलावलं होतं. मला न विचारता. ती आली, मला नमस्कार केला, माझ्याशी बोलली नाही. तीन तारखेपासून कामापलीकडं बोललीच नाही.

पहिली वाटी झाली. मी स्वरदाच्या ओठांकडं बघत होते. दुसरी वाटी. मी तिच्या मानेकडं, हातांकडं बघत होते. तिनं चमचा खाली ठेवला. "आई, तू अशी बघतेस ना, मला घसा बंद झाल्यासारखंच वाटतं. बाहेर बस ना."

मी उठले. वाटलं, झालं, आता ती आत आणि मी बाहेर, हेच बघायचं बाकी होतं. तेवढ्यात स्वरदा म्हणाली, "तनुताई, तू पण. दोघी पण जा. सिस्टर आहेत ना."

कॉरिडॉरमधल्या बाकावर दोघी बसलो. खरं लिहायचं तर पहिला मिनिटभर मला आनंदच झाला होता, की हिलाही बाहेर काढलं. मग माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

"घाबरलीस?"

"म्या म्हणले बरं झालंय. माझं चुकलं असलं तर आत काय व्हईल?"

एवढी भीती मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर स्वरदासाठी कधी पाहिली नव्हती. श्रीरंगच्यासुद्धा नाही. मी म्हटलं, "तू निकालाच्या दिवशीच ओळखलं होतंस."

"व्हय."

"मग तसं लिहून का दिलंस? माझी अब्रू झाकायला?"

तिनं वळून बघितलं. "तुमची अब्रू कशापायी झाकू म्या? तुम्ही सरांच्या तोंडावर खोटं बोलला. म्या भांडले असते तर तुम्ही पोरीचं रक्तच अभ्यासातून काढून घेतलं असतं. तुमच्या पोरीचं, तुमचा हक्क. मग तिला कवाच कळलं नसतं. पोरीसाठी केलं म्या. मला तुमचा लई राग आला होता मॅडम. अजून हाय. बंगळुरूला विमानानं जाणार म्हणून बापानं त्याच सांजच्याला साऱ्या गावाला पेढे वाटले होते. आता गावात कोणी इचारलं की तो मान खाली घालतो."

मी म्हटलं, "माझं चुकलं, तनुजा."

"व्हय," ती म्हणाली. जाऊ द्या म्हणाली नाही, असू द्या म्हणाली नाही.

आठ महिने मी या मुलीत काहीतरी वाईट शोधत होते. रताळी खाते, चुका अंगावर घेते, डोळे खोल जाईपर्यंत राबते, कुठं चिमटा घ्यायला जागा नाही. आज ती माझ्यावर रागावलेली माझ्या शेजारी बसली होती, नाकाचा शेंडा लाल, ओठ आवळलेले, आणि मला ती पहिल्यांदा आवडली. हे काही बरोबर नाही, पण तसं झालं खरं.

पुढचे पावणेदोन तास दार उघडलं की दोघी एकदम उठायचो. सिस्टर नुसतीच ट्रे घेऊन जायची आणि आम्ही पुन्हा बसायचो. एकदा तर एकमेकींवर आपटलो.

दीडला डॉक्टर बाई बाहेर आल्या. "सातही वाट्या झाल्या. काही नाही. पुरळ नाही, सूज नाही, श्वास स्वच्छ. दोन तास बसवून ठेवते, मग घरी न्या."

तनुजा भिंतीला टेकली आणि पदर नसताना ओढणीत तोंड घालून रडली. मला रडू आलं नाही. मी घड्याळात बघून ते दोन तास मोजायला लागले.

साडेतीनला स्वरदा बाहेर आली. मी विचारलं, "कसा लागला गं दाणा?"

"मातीसारखा. मला नाही आवडला," ती म्हणाली. "भूक लागलीय."

आमच्या दोघींच्या मधून ती पुढं कँटीनकडं चालायला लागली. आम्ही मागं मागं. ती स्वतः काउंटरवर गेली. एरवी तिथं मी जाते, वीस प्रश्न विचारते, आणि शेवटी केळं घेऊन येते. तिनं समोसा मागितला. आत काय आहे, कुणी केलाय, सोबतची चटणी कशाची, काहीच विचारलं नाही. ताटली घेऊन आमच्या टेबलाशी आली आणि चटणीत समोसा बुडवला.

मी तोंड उघडलं. तनुजानं टेबलाखाली माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. स्वरदानं घास घेतला, आणि मी तोंड मिटलं.